साडेचार इंच भिंत

मी माझ्या थोरल्या जावेवर सूड उगवला, आणि तो स्वतःचं बाथरूम नीट बांधून घेऊन उगवला. हसायचं असेल तर खुशाल हसा. लोक कोर्टात जातात, भावकी जमवतात, बोलणं टाकतात; मी फरशा काढल्या आणि भिंत कोरडी केली. आजवरची सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांना खरं बोला, खरं बोला म्हणून सांगण्यात गेली, तेव्हा इथंही खरंच सांगते.

आमचं गाव राहुरीच्या अलीकडं, कालव्याच्या अंगाला. घर मूळचं एकच. थोरले दीर आणि माझे मालक, असे दोघे भाऊ. वाटणी झाली तेव्हा रान झालं, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या झाल्या, म्हशी झाल्या, आणि शेवटी गाडी मधल्या भिंतीवर येऊन अडली. ती कुणाची? नऊ इंची भिंत. पंच म्हणून बसलेल्या चुलत सासऱ्यांनी निकाल दिला, की साडेचार इंच थोरल्याची, साडेचार इंच धाकट्याची. म्हणजे एका भिंतीचे उभे दोन काप. बाहेरच्यांना ऐकून गंमत वाटते, पण आमच्या घरात हा निकाल अगदी कसोशीनं पाळला. कॅलेंडर अडकवायचं तरी माझे मालक आधी खिळ्याची लांबी बघायचे. इकडून दोन ठोके जास्त पडले की पलीकडून जाऊबाईंचा आवाज आलाच, की आमच्या निम्म्यात येऊ नका.

त्याच जाऊबाईंनी पाच-सहा वर्षांपूर्वी नवं बाथरूम काढलं. संगमनेरला त्यांच्या बहिणीकडं भिंतीतून निघालेला शॉवर होता, गरम-गार एकाच नळाला. तसाच हवा. पाइप बाहेर दिसता कामा नये, सगळे भिंतीच्या पोटात. प्लंबरनं कटर मशीन लावून भिंतीत खाच पाडायला सुरुवात केली आणि इकडं माझ्या मुलीच्या खोलीत गिलाव्याचं एक ढेकूळ खाली पडलं. मी पदर खोचून गेले. म्हटलं, आक्का, जरा सांभाळून, आमच्या बाजूला धक्का बसतोय. त्या दारातच उभ्या राहिल्या. "आमच्या निम्म्यात चाललंय," म्हणाल्या, आणि दार लोटून घेतलं. मी परत आले. ओंजळभर सिमेंट कालवून माझी बाजू बुजवली. नियम म्हणजे नियम. पलीकडं काय चाललंय ते बघायचा मला हक्क नव्हता, आणि खरं सांगायचं तर तेव्हा मला तसं वाटतही होतं.

दोन-तीन महिन्यांत मुलीच्या कपाटामागं पिवळट डाग उमटला. मग रंगाला फोड आले. मग खसखस सांडावी तसे काळे ठिपके, आणि खोलीत पाऊल टाकलं की कुबट वास. खोलीच्या शेजारीच आमचं बाथरूम, त्याचीही एक भिंत तीच. तिथल्या फरशांचे सांधे काळे पडले, दोन फरशा फुगून आल्या. रंगारी आला, त्यानं खरवडून पुट्टी भरली, वर भारीतला रंग दिला. दिवाळीपर्यंत भिंत छान दिसली. संक्रांतीला फोड पुन्हा हजर. असं तीन वेळा झालं. आम्ही बुरशीवर रंग देत होतो आणि बुरशी रंग खाऊन वाढत होती.

माझी मुलगी तेव्हा कॉलेजात होती आणि पोलीस भरतीची तयारी करत होती. पहाटे उठून मैदानावर जायची. उंच, काटक, गावातली पोरं तिच्याबरोबर पळायला कचरत. भिंत डागाळल्यापासून तिला खोकला धरला. आधी आम्ही धुळीवर ढकलला, मग उसाच्या पाचटाच्या धुरावर. नगरच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि पहिलाच प्रश्न विचारला, की घरात कुठं ओल आहे का? तोंडात ओढायचा पंप लिहून दिला. मी तिची कॉट बाहेरच्या खोलीत आणली. पण मालकांची कारखान्यात रात्रपाळी असते, ते दिवसा त्याच बाहेरच्या खोलीत झोपतात. पोरीला अभ्यासाला परत तीच खोली. आणि वास काय, उंबरा ओलांडून सगळ्या घरात फिरतो.

एवढ्यावर भागलं असतं तर मी नशिबाला बोल लावून गप्प बसले असते. पण हळदी-कुंकवाला बायका जमलेल्या, आमच्या जाऊबाई सहज म्हणून मुलीच्या खोलीत शिरल्या, कपाटामागं बोट फिरवलं आणि काळं झालेलं बोट सगळ्यांना दाखवलं. मास्तरीणबाईंना गावाची पोरं शिकवायला वेळ आहे, घर पुसायला नाही, असं म्हणून हसल्या. बायकाही हसल्या. दमट घर बाईच्या आळसानं होतं, हे त्यांचं ब्रह्मवाक्य. खिडक्या उघडत नाही, कपडे घरात वाळवते, ओल्या हातानं भिंतीला टेकते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि मी हसऱ्या तोंडानं सगळ्यांना तिळगूळ वाटत होते.

मग भरती आली. आठशे मीटर पळायचं. मुलगी अर्ध्यापर्यंत पहिल्या तिघींत होती, आणि पुढं श्वासच पुरेना. कडेला बसली. पुढच्या भरतीला तेच. त्या दिवशी ती घरी आली, बूट काढून माळ्यावर टाकले आणि जेवायला बसली. सांजच्याला जाऊबाई ओट्यावर आल्या, विचारपूस केली, आणि जाता जाता म्हणाल्या, "पळता येत नसंल तर लग्नाचं बघा आता." मुलीनं ताटातली भाकरी पुरी खाल्ली. मी मात्र उपाशी उठले. हिला अद्दल घडवल्याशिवाय मी मरायची नाही, असं मी मोरीत उभी राहून स्वतःला सांगितलं. कशी घडवायची ते तेव्हा ठाऊक नव्हतं. मुलगी पुढं नगरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागली आणि खोली घेऊन तिथंच राहिली. तिथं तिला पंप लागत नाही, सुटीला घरी आली की दुसऱ्या दिवशी लागतो. स्वतःच्या घरी पोरीला श्वास घेता येत नाही, ह्याच्याइतकं वाईट आईला दुसरं काय असतं?

मागच्या उन्हाळ्यात मी ठरवलं, बस झाली रंगरंगोटी. बाथरूम आणि ती भिंत मुळापासून करायची. कुणीतरी एक म्हातारे मिस्त्री सुचवले. पुण्यात मोठ्या इमारतींवर उमर घालवून गावाकडं परतलेले. ते आले, करणीच्या मुठीनं एकेक फरशी वाजवून बघितली. आत बद्द आवाज. मग खोलीत येऊन भिंतीपुढं मांडी घालून बसले आणि बराच वेळ नुसतं बघत राहिले. मला वाटलं, हे आता मोठा आकडा सांगणार. ते म्हणाले, "बाई, ही जमिनीची ओल न्हाई. ती पायथ्यापास्नं वर चढती. ही मधनं चारी अंगाला पसरलीय. आत पानी हाय."

त्यांनी पेन्सिलीनं ओलीच्या कडेनं एक रेघ मारली, अख्खा गोल. म्हणाले, बघत ऱ्हावा. योग असा, की पलीकडं नुकतंच पुतण्याचं लग्न झालेलं. नवरा-नवरीला घेऊन सगळं घर तुळजापूर-जेजुरीला देवदर्शनाला निघालं, आणि जाऊबाई बाहेरगावी जाताना टाकीचा वॉल्व्ह स्वतःच्या हातानं बंद करतात, ही त्यांची सवय मला माहीत. तीन दिवस. उन्हाळ्याचे दिवस, खिडक्या उघड्या, मी पंखा लावून ठेवला. तिसऱ्या दिवशी ओल पेन्सिलीच्या रेघेच्या चार बोटं आत सरकलेली होती. मंडळी परतली, वॉल्व्ह सुरू झाला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ओल रेघेला येऊन टेकली, चौथ्या दिवशी रेघ ओलांडून गेली.

मी त्या रेघेपुढं उभी होते. पाच वर्षं. पाच वर्षं ही बाई माझ्या पोरीच्या उशाशी पाणी सोडत होती आणि वर मला आळशी म्हणत होती. मिस्त्रींनी शांतपणे सांगितलं, की त्यांच्या शॉवरच्या नळामागं पाइपाच्या वळणावरचा एखादा एल्बो तडकला असणार, खाच पाडली ती निम्म्याच्याही पुढं गेली असणार. चार फरशा काढायच्या, एल्बो बदलायचा, अर्ध्या दिवसाचं काम. मी सांगू का त्यांना, असं त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, नको. पलीकडं बोलायचं नाही. तुम्ही माझी बाजू करा.

मिस्त्रींनी पेन्सिलीच्या रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "बाई, पानी काय थांबनार न्हाई. तुमी ह्या अंगानं दार लावलं, तर ते त्या अंगानं जानार."

मी म्हटलं, "त्यांच्या निम्म्यात काय होतंय ते त्यांचं त्यांनी बघावं." हे वाक्य मी पाच वर्षं गिळून ठेवलं होतं. बोलले आणि छाती हलकी झाली.

मग आम्ही काम केलं, आणि काय काम केलं म्हणून सांगू! मालकांना वाटलं हिला वेड लागलं. सगळ्या फरशा काढल्या, गिलावा विटांपर्यंत खरवडला. विटा आतपर्यंत काळ्या, कुबट. ब्लिचिंगच्या पाण्यानं धुतल्या. मिस्त्री म्हणाले घाई करायची नाही, भिंत वाळल्याबिगर वर काही चढवलं तर बुरशी आत कोंडून ठेवल्यासारखं होईल. तीन आठवडे आम्ही शेजारच्या चुलत घराच्या मोरीत अंघोळी केल्या. विटा वरवर वाळल्या. आतून ओल येतच होती, म्हणून मिस्त्रींनी ओल्या विटेला धरणारा, पाठीमागून पाणी ढकललं तरी सुटणार नाही असा खास लेप आणायला लावला. एकावर एक, आडवा आणि उभा. कोपरे काटकोनात ठेवले नाहीत, गोल करून त्यात जाळीची पट्टी दाबली, कारण पाणी आधी कोपऱ्यातून फसवतं. लेप बाथरूममध्ये जमिनीपासून शॉवरच्या डोक्याच्या वर हातभर नेला आणि मुलीच्या खोलीत थेट छतापर्यंत. शॉवरच्या मागं पुट्टी नाही, पीओपी नाही, जे जे पाणी पितं ते काही नाही. आमच्या पाइपांत फरशी बसवायच्या आधी हातपंपानं दाब भरला आणि रात्रभर काटा हलतोय का ते पाहिलं. हलला नाही. दार अडवून बाथरूममध्ये घोटाभर पाणी कोंडलं आणि तीन दिवस तसंच ठेवलं, एक थेंब कुठं उतरला नाही. मग उतार काढून फरशी. सांध्यांत साधं पांढरं सिमेंट नाही, घट्ट बसणारा मसाला. वर बाहेर हवा फेकणारा पंखा, आणि माझी ताकीद, की अंघोळ झाली की पंखा चालू आणि दार उघडं.

प्रत्येक लेप चढताना मी तिथं हजर असायची. मिस्त्री ब्रश फिरवत आणि मी मनात म्हणत असे, घ्या आक्का, घ्या. एवढं मन लावून मी कधी देवपूजाही केलेली नाही. मिस्त्री शेवटी मजुरी घेऊन निघाले तेव्हा चहालाही थांबले नाहीत.

दिवाळीत मुलगी आली. आठ दिवस त्या खोलीत झोपली, पंप पिशवीतून बाहेर काढावा लागला नाही. मी रोज सकाळी भिंतीला गाल लावून बघायची. कोरडी, खणखणीत. आणि त्याच सुमारास पलीकडून खरवडल्याचा आवाज यायला लागला.

पाण्यानं आपलं काम केलं होतं. माझ्या बाजूला जागा मिळेना म्हणून ते भिंतीतून आडवं गेलं आणि जाऊबाईंच्या बाथरूमशेजारच्या खोलीत फुटलं. फोड, काळे ठिपके, सगळं तेच, त्याच क्रमानं. मला काही बघायला जावं लागलं नाही, भिंतीतून ऐकू येत होतं. पहिले काही दिवस मी गाणं गुणगुणत स्वयंपाक केला. एकदा तर त्या स्वतः माझ्याकडं आल्या, आमच्या भिंतीवर हात फिरवला आणि पडेल आवाजात विचारलं, की काय लावलंस गं? मी म्हटलं, काही नाही आक्का, खिडक्या उघडते आणि कपडे बाहेर वाळवते. त्यांचा चेहरा पडला. तो चेहरा मी पुढं कितीतरी दिवस आठवून आठवून खूश होत होते.

पण त्या खोलीत जाऊबाई झोपत नव्हत्या. ती नव्या सुनेची खोली.

पोरगी नगर जिल्ह्यातल्याच कर्जतकडची. तिकडं भिंतींना उन्हानं भेगा जातात, ओल कशाशी खातात ते तिनं जन्मात पाहिलेलं नाही. पदवी झालेली, बोलायला गोड, मला पहिल्या दिवसापासून काकी म्हणून हाक मारणारी. आणि आता भिंतीपलीकडून मला जाऊबाईंचा आवाज ऐकू यायचा: ही खोली आमची इतकी वर्षं धडधाकट होती, तू आलीस आणि सडली. ओले केस घेऊन भिंतीला टेकतेस. खिडकी लावून बसतेस. आईनं काही शिकवलंय की नाही? मला बोललेली वाक्यं, एकही कमी नाही. आणि मग पोरीचा फडकं पिळल्याचा आवाज, आणि खोकला.

इथं मी थांबायला हवं होतं. मला ते तेव्हाच कळलं होतं, नाही असं म्हणणार नाही. पण मनात दुसरा आवाज म्हणायचा, माझी पोर पाच वर्षं खोकली तेव्हा कोण आलं होतं? आणखी थोडं कुजू दे. सगळं कपाट कुजू दे. मग बघू.

एका दुपारी ती पोरगी माझ्याकडं आली. डोळे सुजलेले. म्हणाली, काकी, तुमची भिंत एवढी कोरडी कशी, मला सांगा ना, मी तसंच करते. मी तिला पाटावर बसवलं. पाण्यात व्हिनेगर किती घालायचं ते सांगितलं. कोरड्या ब्रशनं घासू नको, बुरशी उडून छातीत जाते, आधी भिजव, नाकाला रुमाल बांध, वरून खाली पूस, फडकं दर वेळी उकळ. कपाट भिंतीपासून वीतभर पुढं ओढ. सगळं शिकवलं, वर्गात शिकवते तसं, तिच्याकडून वदवूनही घेतलं. एकच गोष्ट सोडून. ती जाताना माझ्या पाया पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तोही कचरला नाही.

महिनाभर ती पोर तसं करत राहिली. मी रोज ऐकत होते. भिंत पुसून झाली की दोन दिवसांनी ठिपके परत, की जाऊबाईंच्या तोंडाचा पट्टा सुरू. संक्रांतीच्या आधी तिचा लग्नातला शालू बाहेर काढला तर घडीघडीवर काळे डाग. तिच्या माहेरचा शालू. त्यावरून जाऊबाईंनी कर्जतला फोन करून तिच्या वडिलांना बोलावून घेतलं.

ते एसटीनं आले. सकाळची वेळ, ओट्यावर सतरंजी टाकलेली. ओटा आमचा सामाईक, मी माझ्या दारात तांदूळ निवडत बसलेली. जाऊबाईंनी तो शालू व्याह्यांपुढं उलगडला आणि सांगितलं, की पोरीला दोन-तीन महिने घेऊन जा, घर कसं ठेवायचं ते शिकवा आणि मग पाठवा. दीर खाली बघत होते, पुतण्या मोबाईल बघत होता. त्या गृहस्थांनी शालूवरचा डाग अंगठ्यानं घासून बघितला, जाईल म्हणून. मग घरात दाराच्या चौकटीला धरून उभ्या असलेल्या पोरीकडं बघितलं आणि म्हणाले, "बॅग भर."

मी ताट खाली ठेवलं. तिथं जाऊन म्हटलं, "आक्का, पोरीला धाडण्याआधी भिंत फोडा. तुमच्या शॉवरचा पाइप आत तडकलाय. लग्नाच्या पाच वर्षं आधीपासून तडकलाय."

जाऊबाई फिस्कारल्या. माझ्या निम्म्यातलं तुला काय ठाऊक, असं म्हणाल्या. मग मी सगळं सांगितलं. पेन्सिलीची रेघ, तुळजापूरचे तीन दिवस, बंद वॉल्व्ह, मागं सरकलेली ओल, परत आलेली ओल. मिस्त्रींचं बोलणं शब्दाशब्दानं. माझ्या पोरीचे गेलेले दोन्ही चान्स. हळदी-कुंकवाचं काळं बोट. सगळं, त्यांच्या व्याह्यांच्या तोंडावर. आवाज चढवला नाही, त्याची गरजच नव्हती. थोरल्या दिरांनी त्याच दुपारी प्लंबर आणला. त्यांच्या बाजूच्या चार फरशा निघाल्या, मागच्या विटा काळ्या ठिक्कर, मऊ झालेल्या, आणि एल्बोच्या केसाएवढ्या चिरेतून पाण्याची बारीक फुंकर चालूच. सगळ्यांनी वाकून बघितली. जाऊबाई तिथंच बादली पालथी घालून तिच्यावर बसल्या. व्याही एवढंच म्हणाले, की बॅग राहू दे, आणि दुपारच्या गाडीनं परत गेले.

मला आनंद झाला. लपवत नाही. माझ्या पोरीच्या प्रत्येक खोकल्याचं उट्टं निघालं असं वाटलं. मी जाऊबाईंना डोळे भरून बघून घेतलं आणि घरी येऊन पोटभर जेवले, त्या भरतीच्या दिवशी उपाशी उठले होते त्याची भरपाई म्हणून दोन भाकरी जास्तच. मुलीला फोन करून सगळं सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, की वहिनी कशी आहे? मी म्हटलं, आता ती सुखात राहील, मी वाचवलं तिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पोरगी आली. मला वाटलं, आभार मानायला आली. मी लगबगीनं चहा टाकला, आलं घातलं, कप तिच्या पुढ्यात ठेवला. ती बसली नाही. विचारलं, काकी, मिस्त्रींनी तुमाला कवा सांगितलं? मी म्हटलं, वैशाखात. तुम्ही देवदर्शनाहून आलात तेव्हा. तिनं बोटांवर महिने मोजले, हळूहळू, माझ्यासमोर. आठव्या बोटाशी थांबली.

"आत्यांना तरी ठाऊक नव्हतं, काकी," ती म्हणाली. सासूला ती आत्या म्हणते. "तुमाला ठाऊक हुतं. आन् तुमी मला भिंत कशी पुसायची ते शिकवत हुता."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी उलटून बोलले असते, तेवढी मी वस्ताद आहे. ह्या तोंडाला उभं गाव भितं, हेडमास्तर भितात, जाऊबाईंचं तर मी कालच पाणी उतरवलं होतं. त्या पोरीपुढं मात्र मी चहाचा कप नुसता आणखी पुढं सरकवला. ती चपला घालून तिच्या निम्म्यात निघून गेली.